गूळ हे कोणतं नाम?

आजचा विषय 'नामांचे प्रकार आणि रोजचं जेवण' असा जाहीर झाला, तेव्हा काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने इंग्रजी व्याकरणावर का बोलायचं? कारण सरळ आहे. नामांचे प्रकार हा वरवर बघता पाचवी-सहावीचा धडा. पण जरा खरवडलं, की खाली जगातल्या वस्तू किती प्रकारच्या आहेत आणि त्या आपण कशा मोजतो हा जुना प्रश्न निघतो. या प्रश्नाचं उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधलं तर मुलाचे गुण जातात, आणि शेवटी सांगेन त्याप्रमाणे शेतकऱ्याचं नावही जाऊ शकतं.

शाळेतल्या सरावपुस्तकात एक ठरावीक प्रश्न असतो. एका बाजूला शब्द: राइस, मँगो, ब्रेड, शुगर, बंच, स्वीटनेस. दुसऱ्या बाजूला कप्पे: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट. आपल्या मराठीत विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक. जोड्या लावा. मूल पाठ करतं, शुगर म्हणजे मटेरियल, मँगो म्हणजे कॉमन, आणि गुण मिळवतं. मग एखादं चौकस मूल विचारतं, "सर, चिकन कुठं टाकायचं? अंगणात फिरतं ते आणि ताटात येतं ते, दोन्ही चिकनच की!" बहुतेक वेळा त्याला गप्प बसवलं जातं. आजचं व्याख्यान त्या मुलासाठी आहे असं समजा.

कप्पे आले कुठून?

हे पाच कप्पे आकाशातून पडलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफील्ड यांची इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं हिंदुस्थानातल्या शाळांत रूढ झाली. त्यांत नामाचे हेच पाच प्रकार दिलेले आहेत. पुढे १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक आलं, आणि आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाढल्या. यातले रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केलेले गृहस्थ. 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी त्यांचीच.

मराठीतही आपण इंग्रजीचा नमुना समोर ठेवूनच व्याकरण लिहायला लागलो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ सालचं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११चं. आजची मुलं वापरतात ते मो. रा. वाळंब्यांचं पुस्तक. वाळंबे नामाचे मुख्य प्रकार तीनच मानतात: सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक. पदार्थवाचक आणि समूहवाचक यांना ते सामान्यनामातच घालतात. म्हणजे गंमत बघा. इंग्रजीच्या तासाला साखर हे सामान्यनाम नाही, आणि पुढच्या मराठीच्या तासाला त्याच बाकावर बसलेल्या त्याच मुलासाठी साखर हे सामान्यनाम आहे. साखर तर बदलली नाही! मग बदललं काय? विभागणीचा निकष बदलला. हे मुलाला कुणी सांगत नाही.

आपल्या जुन्या परंपरेत आणखी वेगळी विभागणी आहे. पतंजलींनी महाभाष्यात शब्दांची प्रवृत्ती चार प्रकारची सांगितली: जातीवरून, गुणावरून, क्रियेवरून आणि यदृच्छेने, म्हणजे नुसतं ठेवलं म्हणून पडलेलं नाव. शेवटचं म्हणजे आपलं विशेषनाम. इथे प्रवृत्ती हा शब्द महत्त्वाचा. एखादा शब्द एखाद्या वस्तूला कशाच्या आधारावर लागू होतो, हा पतंजलींचा प्रश्न आहे. वस्तू कोणत्या कप्प्यातली आहे, हा नाही. एवढं धरून पुढे चला.

'पदार्थ' या शब्दातच गोम आहे

स्वयंपाकघरात पदार्थ म्हणजे खायची वस्तू. विज्ञानाच्या तासाला पदार्थ म्हणजे द्रव्य. आणि आमच्या वर्गात पदार्थ म्हणजे पद अधिक अर्थ, पदाचा अर्थ, शब्दाने जे सांगितलं जातं ते. वैशेषिकांचे सात पदार्थ, द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव, मुलांना सांगताना मी नेहमी म्हणायचो, की यातला एकही ताटात वाढता येत नाही.

'पदार्थवाचक नाम' म्हणताना आपण हे अर्थ एकमेकांत मिसळतो. आपल्याला वाटतं, की पदार्थ बघितला, हातात घेतला, की नामाचा प्रकार कळेल. तर तपासून बघू.

अ‍ॅरिस्टॉटलने प्राण्यांच्या शरीराबद्दल लिहिताना एक फरक सांगितलाय. मांसाचा तुकडा घेतला तर तो मांसच असतो. पण चेहऱ्याचा तुकडा म्हणजे चेहरा नव्हे. ही आपली पहिली कसोटी. गुळाचा खडा फोडा, अर्धा गूळ हा गूळच. आंबा कापा, अर्धी फोड म्हणजे आंबा नव्हे. कुणी "एक आंबा दे" म्हटल्यावर तुम्ही फोड दिलीत तर भांडण होईल. हीच गोष्ट अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइनने १९६०च्या 'वर्ड अँड ऑब्जेक्ट'मध्ये उलट्या बाजूने सांगितली: पाण्यात पाणी मिसळलं की पाणीच होतं. गुळात गूळ घाला, गूळच. आंब्याशेजारी आंबा ठेवला तर होतात दोन आंबे. त्यांचा मिळून एक आंबा होत नाही.

छान. गूळ झाला पदार्थवाचक, आंबा झाला सामान्यनाम. आता भाकरी घ्या. भाकरीचा चतकोर ही भाकरी आहे का? "दोन भाकऱ्या थाप" म्हणताना नाही. चार चतकोर मिळून एक भाकरी. पण "आणि थोडी भाकरी घे की" असा आग्रह करताना तोच चतकोर भाकरी असतो. तवा तोच, पीठ तेच, भाकरी तीच. एका वाक्यात ती मोजली जाते, दुसऱ्यात नाही. आंब्याचंही तसंच. "चार आंबे आण" हे मोजणं झालं. "या आइस्क्रीममध्ये आंबा कमी पडलाय" म्हणताना तो आंबा गुळासारखा वागतो. तिथे "आंबे कमी पडलेत" म्हटलं तर वेगळाच अर्थ होईल.

तर मंडळी, आजचा मुख्य मुद्दा हा. नामाचा प्रकार ताटातल्या पदार्थावरून ठरत नाही, त्या वाक्यात तो शब्द काय काम करतोय यावरून ठरतो. त्या चौकस मुलाला उत्तर द्यायचं ते असं, की बाळा, इंग्रजीत अंगणातलं चिकन मोजतात आणि ताटातलं मोजत नाहीत. शब्द एक, कामं दोन.

जोंधळे निवडले, ज्वारी निवडली

यावर कुणी म्हणेल, की ही अपवादाची उदाहरणं झाली. बाकी तर वस्तूवरूनच ठरतं. थोडंसं खरं आहे. पाणी, तेल, पीठ एका टोकाला. त्यांचे सुटे नग डोळ्याला दिसतच नाहीत. मराठी काय, इंग्रजी काय, कुणी सहज मोजत नाही. आंबा, अंडं, नारळ दुसऱ्या टोकाला. त्यांचे नग समोरच दिसतात. पण मध्ये आहे धान्य. दाणे आहेत, पण कोण मोजतंय! इथे भाषा आपापल्या वाटेने जातात.

आपल्या घरातलं बोलणं ऐका. "तांदूळ निवडले", अनेकवचन. "साखर चाळली", एकवचन. "गहू दळले", अनेकवचन. "बाजरी दळली", एकवचन. मिसळीसाठी "मूग भिजत घातले", पण "मटकी भिजत घातली". फोडणीला "मोहरी तडतडली", एकवचन. संक्रांतीला "तीळ भाजले", अनेकवचन. आकारावरून ठरतं म्हणावं तर तीळ काही मोठे नाहीत. आणि शेवटचा घाव बघा: "जोंधळे निवडले" आणि "ज्वारी निवडली". धान्य एकच! त्याच सुपात, त्याच बाईने निवडलेलं. जोंधळा म्हटलं तर ते अनेक आहेत, ज्वारी म्हटलं तर ती एक आहे. दाण्याकडे कितीही टक लावून बघा, यातलं काही तुम्हाला दाणा सांगणार नाही.

इंग्रजीतही असंच आहे. व्हीट एकवचनी, ओट्स अनेकवचनी. राइस एकवचनी, पण लेंटिल्स आणि बीन्स अनेकवचनी. वाटाण्याची गोष्ट तर मजेदार. जुन्या इंग्रजीत 'पीज' हा शब्द एकवचनी होता, आपल्या ज्वारीसारखा. त्याच्या शेवटचा 'ज' लोकांना अनेकवचनाचा प्रत्यय वाटला, आणि तो काढून त्यांनी 'पी' म्हणजे एक वाटाणा असा नवा शब्द तयार केला. वाटाणा काही बदलला नाही, लोकांचा कान बदलला.

आता आपल्या वर्गातल्या मुलाकडे या. ते लिहितं, 'द राइस आर इन द बॅग'. लाल रेघ! पण त्या मुलाच्या घरात 'तांदूळ पिशवीत आहेत' असंच बोलतात. ते मूल अडाणी नाही, मराठीचं व्याकरण ते बरोबर पाळतंय. शिक्षकाने "राइस मोजता येत नाही" असं कारण सांगितलं, तर ते मूल मनातल्या मनात म्हणेल, की का येत नाही, मी आत्ता दहा दाणे मोजून दाखवतो. आणि त्याचंच बरोबर आहे! दाणे मोजता येतात. कारण असं सांगायला हवं, की इंग्रजी भाषा 'राइस' हा शब्द वापरताना दाणे मोजत नाही, आपण 'तांदूळ' वापरताना मोजतो. एका वाक्याचा फरक आहे, पण पहिल्या कारणाने मुलाला वाटतं आपली अक्कल कमी, दुसऱ्याने कळतं दोन भाषा वेगळ्या.

आणि राइस हा शब्द तरी केवढा पसरट! आजरा-चंदगडकडे शेतात उभं असतं ते भात. 'भात कापलं', 'भात मळलं', नपुंसकलिंगी. भरडून, सडून येतात ते तांदूळ, अनेकवचनी. शिजला की पुन्हा भात, पण आता पुल्लिंगी आणि एकवचनी: 'भात शिजला'. इंग्रजीचा एक शब्द जिथे भागवतो, तिथे मराठीने लिंग आणि वचन बदलून शेत, पोतं आणि पातेलं वेगळं ठेवलंय.

न मोजायचं ते मोजायचं कसं?

पदार्थवाचक नाम मोजता येत नाही, असं पुस्तक सांगतं. आपण तर दिवसभर मोजत असतो. त्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि इंग्रजीतही त्याच तीन आहेत. या तीन कळल्या, की पुस्तकातला निम्मा धडा झाला.

पहिली तऱ्हा: एकक लावून. लसणाची पाकळी, मेथीची पेंडी, लोण्याचा गोळा, गुळाची ढेप. इंग्रजीत ब्रेडला लोफ, साबणाला केक, लसणाला क्लोव्ह. इथे मोजलं जातं ते एकक. पदार्थ एकवचनीच राहतो.

आपल्या गावचं यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे रवा. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवायचा, गुळव्याने पाक बघायचा, आणि गूळ साच्यात भरून घट्ट झाला की त्याला आपण म्हणतो रवा. बाजार समितीत सौदा होतो तो रव्यांचा. इतके रवे आवक झाली, असंच बोलतात. आणि त्याच गावात, त्याच घरात, शिऱ्यासाठी डब्यातून काढतो तोही रवा. तो मात्र कधी 'रवे' होत नाही. "दोन रवे भाजून घे" असं सुनेला सांगितलं तर ती घाबरेल! एकच उच्चार, एकच लिंग. बाजार समितीत तो मोजायचा नग आहे, स्वयंपाकघरात न मोजायचं द्रव्य आहे. आता सांगा, 'रवा' हा शब्द यादीत नुसता लिहून त्याचा प्रकार विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? "वाक्य द्या," हेच.

दुसरी तऱ्हा: वाढप मोजायचं. "दोन चहा." "तीन मिसळ, एक कट जादा." इथे आपण चहा मोजत नाही, कप मोजतो, कप हा शब्द गिळलेला असतो. मिसळीचं अनेकवचन व्याकरणाने मिसळी होईल, पण हॉटेलात कुणी "तीन मिसळी" म्हणत नाही. शब्द आतून अजून मिसळलेलाच आहे, फक्त बशा तीन आहेत. इंग्रजी इथे अनेकवचनाचा प्रत्यय लावून मोकळी होते, 'टू कॉफीज'. हॉटेलात ते बरोबर. पातेल्यातल्या कॉफीबद्दल बोलताना चूक.

तिसरी तऱ्हा: प्रकार मोजायचे. "लग्नात दोन भाज्या होत्या." म्हणजे दोन पातेली नव्हेत, दोन तऱ्हा, भाजी हजार माणसांना पुरली असेल. तसंच "तीन डाळी मिसळून आमटी केली". इंग्रजीत चीज, वाइन, ऑइल यांची अनेकवचनं येतात ती याच अर्थाने.

मुलाने 'टू ब्रेड्स' लिहिलं तर लगेच रेघ मारू नका. आधी विचारा, दोन काय? दोन स्लाइस म्हणायचं असेल तर इंग्रजी 'स्लाइस' मागते. दोन प्रकारचे ब्रेड म्हणायचं असेल तर मुलाचं वाक्य बरोबर आहे.

तिखट, तांबडा आणि गोडवा

आता आपल्या जेवणाकडे. "तिखट जास्त पडलं म्हणून रस्सा तिखट झाला." या वाक्यात पहिलं तिखट नाम आहे, डब्यातली लाल पूड. दुसरं तिखट विशेषण आहे, रश्श्याचा गुण. आणि "या रश्श्याचा तिखटपणा बाधत नाही" म्हटलं की झालं भाववाचक नाम. तिखटाची ही तीन कामं एकाच जेवणावर बोलताना होतात.

तांबडा आणि पांढरा ही तर शुद्ध विशेषणं. पण कोल्हापुरात पंगतीला बसलेला माणूस "तांबडा आणा इकडं" म्हणतो, तेव्हा त्याला रंग नको असतो, रस्सा हवा असतो. नाम गळलं आणि विशेषण त्याच्या जागी बसलं. गळलेल्या रश्श्याचं पुल्लिंग तेवढं मागे राहिलं. मटणाबद्दल बोलताना मात्र "सुकं वाढा", कारण मटण नपुंसकलिंगी. व्याकरणात याला विशेषणाचा नामासारखा उपयोग म्हणतात. पंगतीत तो आपण न शिकता करतो. "आज गोड काय केलंय?" हा प्रश्नही त्यातलाच.

भाववाचकाबद्दल एक गैरसमज काढायला हवा. मुलांना सांगतात, की अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे जे इंद्रियांना कळत नाही ते. आणि उदाहरण देतात स्वीटनेस! अहो, गोडी जिभेला नाही कळत तर कशाला कळते? हुशार मूल इथे अडतं, आणि अडायलाच हवं. आपल्या व्याकरणकारांकडे यापेक्षा चांगला शब्द आहे, धर्मवाचक नाम. धर्म म्हणजे वस्तूचा गुणधर्म. तो ज्याच्या ठिकाणी असतो तो धर्मी. गूळ हा धर्मी, गोडी हा त्याचा धर्म. गोडी गुळाला सोडून वेगळी कुठे मिळत नाही, पण बोलताना आपण ती गुळापासून सोडवून तिच्याबद्दल विधान करू शकतो: "यंदाच्या गुळाची गोडी कमी आहे." सोडवून बोललो, म्हणून ते भाववाचक. इंद्रियांना कळतं की नाही याचा इथे संबंध नाही.

विशेषनामाचं सामान्यनाम होतं तेव्हा

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर भाग. खाण्याच्या शब्दांत विशेषनाम फार कमी, असं पुस्तक पाहून वाटतं. खरं तर विशेषनामं भरपूर आहेत, ती हळूहळू सामान्य होत जातात.

सँडविच हे मूळ इंग्लंडमधल्या एका उमरावाच्या पदवीतलं नाव, आणि ती पदवी गावाच्या नावावरून. आज ते कुठल्याही गाड्यावर मिळतं. चेडर हे सॉमरसेटमधलं खेडं. आज चेडर चीज जगात कुठेही बनतं आणि कुणी विचारत नाही. आपल्याकडे डालडा. १९३०च्या दशकात बाजारात आलेल्या एका वनस्पती तुपाचं ते छाप-नाव, आणि पुढे लोक कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणू लागले. मराठीने तर त्याला सामान्यरूपही देऊन टाकलं: "डालड्यात तळलं", "डालड्याचा वास". घोडा-घोड्याचा, तसा डालडा-डालड्याचा. शब्द घरचा झाल्याची ही खूण.

आता 'कोल्हापुरी' हा शब्द घ्या. देशभरच्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर 'व्हेज कोल्हापुरी' असतं. तिथे कोल्हापुरी म्हणजे कोल्हापूरचं, असा अर्थ उरलाय का? तिथे त्याचा अर्थ 'लाल आणि तिखट' एवढाच आहे. गावाचं नाव गुणाचं नाव झालं. भाजीच्या बाबतीत हे हसून सोडून देता येईल.

पण गुळाच्या बाबतीत? राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, आणि गुळाची बाजारपेठ म्हणून ती नावारूपाला आली. तेव्हापासून 'कोल्हापुरी गूळ' या दोन शब्दांत इथली माती, इथलं पाणी, इथला ऊस आणि गुळव्याच्या हाताचं कसब साठत आलंय. आज कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. आजरा घनसाळ तांदळालाही आहे. म्हणजे या नावांना कायद्याने विशेषनामासारखा मान दिलाय: हे नाव त्या ठरावीक प्रदेशातल्या मालालाच लावता येईल.

तो कायदा १९९९चा, २००३ पासून लागू झालेला. त्यात एक तरतूद आहे ती व्याकरणाच्या माणसाने वाचावी अशी. एखादं नाव गावावरून पडलेलं असलं, तरी लोकांच्या तोंडी त्याचा मूळ अर्थ हरवून ते त्या प्रकारच्या मालाचंच सर्वसाधारण नाव झालं असेल, तर त्याला मानांकन मिळू शकत नाही. बघा, हा विशेषनाम आणि सामान्यनाम यांच्यातलाच प्रश्न आहे, फक्त तो वर्गात न विचारता कायद्यात विचारलाय. शॅम्पेन ही फ्रान्समधल्या त्या प्रदेशाने धडपडून विशेष राखली. चेडर सामान्य होऊन गेलं.

बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, ही इथल्या उत्पादकांची आणि व्यापाऱ्यांची बरीच जुनी तक्रार आहे. आर्थिक बाजू ते माझ्यापेक्षा चांगली सांगतील. मी भाषेची बाजू सांगतो. दुकानदार जेव्हा कुठलाही पिवळसर गूळ दाखवून "कोल्हापुरी आहे" म्हणतो, आणि आपण "कुठला?" असं न विचारता घेतो, तेव्हा त्या एका वाक्यात 'कोल्हापुरी' हा शब्द थोडासा सामान्य होतो. अशी लाखो वाक्यं झाली, की शब्दकोशात अर्थ बदलतो. मग गुऱ्हाळघरात पहाटेपासून काहिलीजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे त्याच्या गुळासाठी वेगळं नाव उरत नाही. शब्दाचं काम वाक्यात ठरतं, हे मी मघापासून सांगतोय. म्हणजे ते काम ठरवण्यात बोलणाऱ्या प्रत्येकाचा हात असतो, तुमचा आणि माझाही.

मग वर्गात काय करायचं?

इथे शिक्षक मंडळी बरीच दिसतायत, म्हणून थोडं उपयोगाचं सांगतो. परीक्षेत यादी येणार आहे आणि मुलांना गुण हवेत. त्यामुळे कप्पे शिकवूच नका असं मी म्हणणार नाही. फक्त शिकवताना सुटा शब्द देऊ नका, वाक्य द्या. आणि मुलांना हे चार प्रश्न विचारायची सवय लावा.

एक, या वाक्यात याचा तुकडा केला तर त्यालाही हेच नाव राहील का? राहत असेल तर पदार्थवाचक. गूळ, दूध, पीठ. दोन, हा शब्द नगांच्या जमावाला एक धरतोय का? धरत असेल तर समूहवाचक. केळ्यांचा घड, मेथीची पेंडी. गुळाचा रवा मात्र यात बसत नाही, कारण तो सुट्या नगांचा जमाव नाही. तीन, हा शब्द एखादा गुण धर्म्यापासून सोडवून सांगतोय का? मग भाववाचक; गोडी, तिखटपणा, भूक. चार, हे नाव एकाच व्यक्तीला, गावाला, मालाला ठेवलेलं आहे, की तशा सगळ्यांना लागू आहे? त्यावर विशेष की सामान्य ते ठरेल. आणि मोजणी आली, की पाचवा प्रश्न: काय मोजलं, नग, वाढप की प्रकार?

मुलांना गृहपाठ म्हणून घरातल्या स्वयंपाकघरात पाठवा. दहा डबे उघडायचे, प्रत्येकातल्या वस्तूवर आजी कसं वाक्य बोलते ते लिहून आणायचं: निवडले की निवडली, संपला की संपले. मग तेच वाक्य इंग्रजीत. जिथे दोन्ही भाषांचं वचन जुळत नाही तिथे खूण करायची. त्या खुणांवर एक तास सहज जाईल, आणि 'द राइस आर' का होतं आणि का नको, हे मुलं तुम्हाला सांगतील.

मला दिलेली वेळ संपत आली. गूळ हे कोणतं नाम, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर हवंच असेल तर परीक्षेपुरतं 'पदार्थवाचक' लिहा, पूर्ण गुण मिळतील. दुकानात मात्र उत्तर देण्याआधी विचारा, कुठला गूळ?